संपाची बातमी रेडिओवर देताना : वहीपासून बातमीपत्रापर्यंत

सकाळी सातचं बातमीपत्र ऐकणारा माणूस बसलेला नसतो. तो दाढी करत असतो, गोठ्यात असतो, डबा भरत असतो, नाहीतर स्टँडवर उभा राहून गाडीची वाट बघत असतो. वर्तमानपत्राची ओळ पुन्हा वाचता येते, मोबाइलवरची बातमी मागे सरकवता येते. रेडिओवरचं वाक्य एकदाच ऐकू येतं. संप, मोर्चा, बंद किंवा दोन समाजांतला तणाव अशा बातमीत या एका वाक्यावर बरंच काही अवलंबून असतं. कोणी घराबाहेर पडतं, कोणी पडत नाही. कोणाचा दिवसाचा रोज बुडतो. कुठे एका चुकीच्या शब्दानं गाव पेटू शकतं.

मी बरीच वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणाहून आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांसाठी अंशकालीन वार्ताहर म्हणून काम केलं. साखर कारखान्याच्या गेटवरची आंदोलनं पाहिली, आगारांसमोरचे ठिय्ये पाहिले, अंगणवाडीताईंचे मोर्चे पाहिले. नव्यानं हे काम करणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. सगळ्याच्या मुळाशी माझं म्हणणं एकच आहे : बातमीतल्या प्रत्येक क्रियापदाला कर्ता द्या. संप कोणी पुकारला, आकडा कोणी सांगितला, काठी कोणी चालवली, माघार कोणी घेतली. कर्ता गाळला की बातमी कुणातरी एका बाजूची होते, आणि कोणत्या बाजूची झाली ते आपल्यालाही कळत नाही.

संप सुरू होण्याआधीची वही

संप अचानक होत नाही. त्याआधी निवेदनं दिली जातात, काळ्या फिती लावल्या जातात, गेटसभा होतात, एखाद्या दिवसाचं लाक्षणिक धरणं होतं, मग नोटीस जाते. वार्ताहर या टप्प्यांवर हजर असला तर संपाच्या दिवशी त्याची धावपळ निम्म्यानं कमी होते.

प्रत्येक मोठ्या आस्थापनेसाठी वहीत एक पान ठेवा. त्यावर कामगारांची साधारण संख्या, किती कायम आणि किती कंत्राटी, किती संघटना आहेत आणि त्यांतली मान्यताप्राप्त कोणती, आधीचा करार कधी संपला, मागण्यांचं निवेदन कोणत्या तारखेचं आहे, या गोष्टी लिहा. मान्यताप्राप्त संघटनेचा मुद्दा नवे लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे होते, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त संघटनेकडे होता. पगार आणि बोनस या मागण्या होत्याच, त्यांच्याबरोबर ही मान्यता काढून घ्या अशीही मागणी होती. हा एक मुद्दा सांगितला नाही तर एवढा मोठा संप चर्चेच्या टेबलापर्यंत का पोचत नव्हता, हे ऐकणाऱ्याला कधीच कळणार नाही. तो संप औपचारिकपणे कधी मागेही घेतला गेला नाही.

नोटीस हातात घेऊन स्वतः वाचा. कोणी फोनवर वाचून दाखवली तर त्यावर विसंबू नका. नोटिशीत संपाची तारीख असते, बेमुदत की लाक्षणिक ते असतं, मागण्यांचा क्रम असतो. भाषणात नेता जी मागणी सगळ्यात मोठ्यानं मांडतो ती कधीकधी नोटिशीत सातव्या क्रमांकावर असते.

कायद्याचं किमान ज्ञान लागतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. पूर्वी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाच्या नोटिशीचं बंधन मुख्यतः लोकोपयोगी सेवांना होतं. आता कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. आणखी एक बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे : एका दिवशी निम्मे किंवा त्याहून अधिक कामगार ठरवून किरकोळ रजेवर गेले तर तोही संप धरला जातो. त्यामुळे 'सामूहिक रजा आंदोलन' हे शब्द कानावर पडले की पुढचा प्रश्न विचारायचा : कितीजण रजेवर आहेत?

मात्र 'बेकायदा संप' हा शब्दप्रयोग आपला नव्हे. संप बेकायदा आहे असं व्यवस्थापन म्हणत असेल तर 'व्यवस्थापनाच्या म्हणण्यानुसार', न्यायालयानं ठरवलं असेल तर 'न्यायालयानं बेकायदा ठरवलेला'. मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा राज्याचा कायदा, लावला की काय होतं आणि नुसता मेस्माचा इशारा दिला की काय होतं, यातही मोठा फरक आहे. इशाऱ्याची बातमी 'मेस्मा लागू' अशी गेली की आगारात घबराट होते.

शब्द नेमका कोणता?

मराठीत आंदोलनासाठी शब्दांची श्रीमंती आहे आणि प्रत्येक शब्द वेगळा आहे. संप म्हणजे काम करणाऱ्यानं काम थांबवणं. बंद म्हणजे दुकानं-व्यवहार थांबवण्याचं आवाहन. टाळेबंदी मालक करतो, संप कामगार करतो. कारखाना 'बंद आहे' एवढंच म्हटलं तर तो कोणी बंद केला ते झाकलं जातं. धरणं, ठिय्या, घेराव, निदर्शनं, रास्ता रोको, चक्का जाम, लेखणीबंद, काम बंद, या प्रत्येकाचं चित्र डोळ्यासमोर वेगळं उभं राहतं. साखळी उपोषणात माणसं आळीपाळीनं बसतात, बेमुदत उपोषणात एकच माणूस दिवसेंदिवस अन्नावाचून असतो. या दोहोंना नुसतं 'उपोषण' म्हणणं म्हणजे दुसऱ्यावर अन्याय आहे. ऊसतोड कामगारांच्या आंदोलनाला त्यांचा स्वतःचा शब्द आहे, कोयता बंद. तो तसाच वापरा. त्यात मुकादम, टोळी, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) हे शब्द येतील, तेही तसेच ठेवा.

आशा स्वयंसेविका आणि अंगणवाडी सेविकांच्या बातम्यांत 'पगारवाढीसाठी आंदोलन' असं मी असंख्य वेळा ऐकलं. त्यांना पगार मिळत नाही, मानधन मिळतं. सरकार त्यांना कर्मचारी मानत नाही, हेच तर त्यांचं दुखणं आहे. 'पगार' हा एक शब्द घातला की बातमीतून भांडणाचं मूळच निघून जातं. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या राज्यव्यापी संपातही मानधन, निवृत्तिवेतन आणि शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

निलंबन, बडतर्फी आणि सेवासमाप्ती यांत गोंधळ करू नका. निलंबित माणूस नोकरीत असतो, त्याची चौकशी व्हायची असते. बडतर्फ माणसाची नोकरी गेलेली असते. संपाच्या दिवसांत व्यवस्थापनाकडून असे आकडे रोज येतात आणि ऐकणाऱ्याच्या घरात तो आकडा म्हणजे चूल पेटण्या-न पेटण्याचा प्रश्न असतो.

कांद्याच्या पट्ट्यात आणखी एक सावधगिरी लागते. 'लासलगावला लिलाव बंद' या वाक्यात लिलाव कोणी बंद पाडले? ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावल्यावर नाशिक जिल्ह्यात शेतकरीही चिडले आणि व्यापारीही. सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्यांनी लिलावात भाग घेणं थांबवलं, तेव्हा शेतकऱ्याचा माल कांदाचाळीत पडून राहिला. दोघांची मागणी सारखी वाटली तरी तोटा सारखा नव्हता. व्यापाऱ्यांचा बंद आणि शेतकऱ्यांचं आंदोलन या दोन बातम्या आहेत, त्या एकत्र बांधू नका.

जागेवर

सकाळी लवकर पोचा. गर्दी जमण्याआधी जागा पाहून ठेवा : फाटक कुठे, पोलिसांची गाडी कुठे, मागे सरकायला गल्ली कुठे. पोलीस आणि आंदोलक यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभं राहू नका. तिथून आवाज चांगला मिळतो हे खरं, पण दगड आणि अश्रुधुराची नळकांडी पडतात तीही तिथेच. बाजूला, भिंतीचा आधार घेऊन उभं राहावं. ओळखपत्र गळ्यात नको, खिशात चटकन काढता येईल असं ठेवा; ते कुठे उपयोगी पडेल आणि कुठे अडचणीचं ठरेल, हे त्या त्या वेळी ठरतं.

पोचल्यावर पहिली दोन मिनिटं काहीही न विचारता नुसता आवाज ध्वनिमुद्रित करा. घोषणा, हलगी, भोंगा, बंद आगारातली विचित्र शांतता. नंतर व्हॉइसकास्टमध्ये, म्हणजे वार्ताहराच्या स्वतःच्या आवाजातल्या बातमीत, पाच सेकंद तो आवाज वापरला की ऐकणारा तिथे पोचतो. मात्र मोर्चाच्या घोषणांत कुणाबद्दल अपशब्द आहेत का, एखाद्या समाजाविरुद्ध काही आहे का, हे कान देऊन दोनदा ऐका. पार्श्वभूमीला गेलेली घोषणासुद्धा आपणच प्रसारित केलेली असते.

गर्दीचा आकडा. आयोजक एक सांगतात, पोलीस दुसरा, आणि दोघांकडे आपापली कारणं असतात. मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला. सहा तारखेला निघालेले शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला पहाटे आझाद मैदानात पोचले. तेव्हाही तीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आकडे फिरत होते. अशा वेळी दोन्ही आकडे त्यांच्या धन्यासह द्यावेत, नाहीतर आकडा सोडून जे डोळ्यांनी दिसलं ते सांगावं. त्या मोर्चातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते आकड्यात नव्हतंच. दहावीच्या परीक्षा सुरू होत्या. मुलांना त्रास नको म्हणून दिवसभर चालून आलेल्या त्या माणसांनी शीवच्या मैदानातून रात्रीतूनच पुढचा रस्ता धरला. रेडिओवर हे एक वाक्य गर्दीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त सांगतं.

छोट्या गर्दीत मात्र स्वतः मोजा. पाचशेपर्यंत माणसं असतील तर रांगा आणि ओळी मोजून बऱ्यापैकी अंदाज येतो. धरण्याच्या मंडपात किती सतरंज्या आणि एका सतरंजीवर किती बायका, हे मोजायला पाच मिनिटं लागतात.

बाइट, म्हणजे बोलणाऱ्याच्या आवाजाचा छोटा तुकडा, घेताना फक्त नेत्यापुढे माइक धरण्याची सवय मोडा. नेता मागण्यांची यादी सांगेल, ती तर निवेदनात आहेच. वाहकाला विचारा : गेल्या महिन्यात हातात किती पडले? अंगणवाडीताईंना विचारा : पोषण आहाराची नोंद कोणत्या मोबाइलवर करता, तो कोणाचा? असे प्रश्न विचारले की उत्तर खरं येतं आणि बारा-पंधरा सेकंदांत बसतं. दुसऱ्या बाजूचाही आवाज घ्या, अडकून पडलेल्या प्रवाशाचाही. पण प्रवाशाला 'फार हाल होतायत ना?' असं विचारू नका. 'कुठे निघालात?' एवढं विचारा, बाकीचं तो स्वतः सांगतो.

कंत्राटी कामगार बोलायला घाबरतात, कारण त्यांना उद्या गेटवरूनच परत पाठवता येतं. त्यांना आधी स्पष्ट सांगा : हे रेडिओवर जाईल, तुमचा आवाज ओळखू येईल. नाव नको असेल तर नाव देऊ नका. आवाजही नको असेल तर त्यांचं म्हणणं तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा. मी एकदा ही खबरदारी घेतली नव्हती. एका कारखान्यातल्या कंत्राटी मजुराचा आवाज बातमीत गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतलं नाही. त्यानं मला कधी दोष दिला नाही. मी तो माझ्याकडेच ठेवला आहे, आणि तेव्हापासून आधी सांगितल्याशिवाय रेकॉर्डरचं बटण दाबत नाही.

पडताळणी

एसटीचा संप असेल तर 'आगार बंद' की 'आगार सुरू' असं विचारण्यात अर्थ नसतो. फेऱ्या विचारा. रोज किती सुटतात, आज किती सुटल्या, त्यांतल्या कोणत्या मार्गांवर. आगार व्यवस्थापक एक आकडा देईल. फलाटावर स्वतः उभं राहून तासाभरात किती गाड्या सुटल्या ते मोजा आणि ताडून पाहा. एक गाडी पोलीस बंदोबस्तात बाहेर काढून 'वाहतूक सुरळीत' म्हणणं आणि चार गाड्या सुटलेल्या असताना 'कडकडीत बंद' म्हणणं, दोन्ही सारखंच खोटं.

जखमींचा आणि मृतांचा आकडा रुग्णालयातूनच घ्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरांशी किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांशी बोला. मृत्यूची बातमी एका तोंडावर कधीही देऊ नका. उशीर झाला तरी चालेल. आंदोलनाच्या ठिकाणी मृत्यू झाला म्हणजे तो आंदोलनामुळेच झाला असं नसतं, आणि नसतोच असंही नसतं. 'आंदोलनस्थळी उपस्थित असलेल्या कर्मचाऱ्याचा मृत्यू, कारण वैद्यकीय अहवालानंतर कळेल' इतकंच म्हणा. आत्महत्या असेल तर पद्धत सांगू नका, चिठ्ठीतला मजकूर वाचू नका, तिला एकाच कारणाला जोडू नका, आणि 'हौतात्म्य' हा शब्द आंदोलकांनी वापरला तरी आपण वापरू नका.

जमावबंदीच्या आदेशाबाबत एक बारकावा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश सण-उत्सवांच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत नेहमीच निघत असतात. असा रुटीन आदेश कुणीतरी व्हॉट्सॅपवर टाकतो आणि 'संपामुळे जमावबंदी' अशी बातमी बनते. आदेशाची तारीख, कलम आणि मुदत वाचा. लोकांच्या तोंडी अजून 'एकशे चव्वेचाळीस' आहे, पण जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलं आहे. बातमीत कलमापेक्षा अर्थ सांगा : 'पाच किंवा अधिक जणांना एकत्र जमायला मनाई आहे, ती अमुक तारखेपर्यंत'.

लिहिताना

दहा मिनिटांच्या बातमीपत्रात हजार-बाराशे शब्द मावतात आणि त्यात अख्खा महाराष्ट्र बसवायचा असतो. तुमच्या वाट्याला साठ-सत्तर शब्द येतील. हाताशी असलेल्या साठ शब्दांतले वीस वाया घालवणारी काही ठरीव वाक्यं आहेत, ती आधी काढून टाका.

'आंदोलनाला हिंसक वळण लागलं.' वळण कोणी लावलं? 'विविध मागण्यांसाठी.' कोणत्या? एक तरी सांगा. 'सौम्य लाठीमार.' हे विशेषण पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातलं आहे. ज्याच्या पाठीवर वळ उठला त्याला विचारून ते लावलेलं नसतं, म्हणून आपण फक्त 'लाठीमार' म्हणायचं. 'संतप्त जमाव', 'समाजकंटक', 'तणावपूर्ण शांतता', 'परिस्थिती नियंत्रणात', 'अतोनात हाल' हे सगळे त्याच पोत्यातले दाणे.

समजा, अशी बातमी हातात आली :

'विविध मागण्यांसाठी पुकारलेल्या संपाला आज हिंसक वळण लागलं. संतप्त जमावानं केलेल्या दगडफेकीत तीन गाड्यांचं नुकसान झालं असून पोलिसांनी सौम्य लाठीमार करून परिस्थिती नियंत्रणात आणली. संपामुळे प्रवाशांचे अतोनात हाल होत आहेत.'

मी ती अशी लिहीन :

'आगारातल्या चालक-वाहकांचा संप आज सहाव्या दिवशीही सुरू आहे. थकलेला महागाई भत्ता मिळावा, ही त्यांची मुख्य मागणी आहे. सकाळी नऊच्या सुमाराला आगारातून निघालेल्या तीन गाड्यांच्या काचा दगडफेकीत फुटल्या. दगड कोणी फेकले, याचा तपास पोलीस करत आहेत. त्यानंतर पोलिसांनी फाटकासमोर बसलेल्या कर्मचाऱ्यांवर लाठीमार केला. पाच कर्मचारी आणि एक पोलीस जखमी असल्याचं उपजिल्हा रुग्णालयानं सांगितलं. आज साठपैकी आठ फेऱ्या सुटल्या, अशी माहिती आगार व्यवस्थापकांनी दिली.'

दुसरी बातमी थोडी लांब आहे. पण पहिलीत दगड 'जमावानं' फेकले असं आपणच ठरवून टाकलं होतं, आणि लाठी बसली ती दगड फेकणाऱ्यांना की बसलेल्यांना, हे कळायला जागाच नव्हती.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. रेडिओसाठी हा सगळ्यात मोठा धोका आहे. 'संघटनेनं संप मागे घेतलेला नाही' हे वाक्य गिरणीच्या आवाजात ऐकणाऱ्याच्या कानात 'संप मागे घेतला' एवढंच शिरतं, आणि तो निघतो. म्हणून नकार टाळून होकारार्थी लिहा : 'संप सुरूच आहे.' त्याच कारणानं 'संप संपला' असंही नको, कानाला अडखळतं. 'संप मिटला' किंवा 'कर्मचारी कामावर परतले' म्हणा.

'आज' आणि 'उद्या' हे शब्द जपून वापरा. रात्री दहाला पाठवलेल्या बातमीतलं 'उद्या' सकाळच्या बातमीपत्रात 'आज' झालेलं असतं. वार आणि तारीख दोन्ही लिहा, वृत्तसंपादक हवं ते ठेवेल. गावाच्या नावाबरोबर तालुका आणि जिल्हा द्या. पिंपळगाव आणि वडगाव प्रत्येक जिल्ह्यात आहेत. अनोळखी नावाचा उच्चार कंसात फोडून लिहा. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, तोपर्यंत अंतरवाली सराटी हे नाव राज्यात फार कुणी उच्चारलेलं नव्हतं. त्या गावच्या माणसाला त्याच्या गावाचं नाव रेडिओवर नीट ऐकू आलं पाहिजे.

माघारीची बातमी

सर्वांत जास्त चुका इथे होतात. 'मागे घेतला' आणि 'स्थगित केला' हे दोन वेगळे निर्णय आहेत. आणि तो निर्णय कोणी घेतला, हा प्रश्न तर कायमच विचारायचा.

१ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याची सुरुवात नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून झाली होती. दूध, भाजीपाला शहरांकडे जाणं थांबलं. ३ जूनला पहाटे मुख्यमंत्र्यांबरोबरच्या चर्चेनंतर काही नेत्यांनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. सकाळ होईपर्यंत इतर गटांनी आणि अनेक गावांनी तो निर्णय अमान्य केला आणि आंदोलन पुढे चालू राहिलं. पहाटेच्या त्या घोषणेवर 'शेतकऱ्यांचा संप मागे' असं सरळ म्हणणारा चुकला. 'चर्चेला गेलेल्या नेत्यांनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं' असं म्हणणारा बरोबर ठरला. फरक फक्त कर्त्याचा होता.

एसटीच्या २०२१-२२ च्या संपात हे पुन्हा घडलं. ऑक्टोबरअखेर संघटनांच्या कृती समितीनं आंदोलन मागे घेतलं, पण आगारांतले कर्मचारी एसटी महामंडळाच्या शासनात विलीनीकरणाच्या मागणीवर अडून राहिले. डिसेंबरमध्ये संपाची नोटीस देणाऱ्या संघटनेच्या नेत्यानं माघार जाहीर केली, तरी बहुतेक आगारांतलं चित्र बदललं नाही. शेवटी ७ एप्रिल २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयानं कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू व्हायला सांगितलं. या सहा महिन्यांत मंत्रालयातून मिळालेली बातमी आणि आगारातलं वास्तव यांत रोजचं अंतर होतं. मुंबईतून माघारीची घोषणा झाली की जिल्ह्यातल्या वार्ताहरानं आगारात जाऊन पाहायचं. तुमची किंमत तिथेच आहे.

दोन समाजांत तणाव असेल तेव्हा

इथे संपाचे नियम पुरत नाहीत. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा इथे हिंसाचार झाला, ३ तारखेला महाराष्ट्र बंद पुकारला गेला आणि त्या दिवशी संध्याकाळी तो मागे घेण्यात आला. त्या तीन दिवसांत मोबाइलवर जे फिरत होतं त्यातलं कितीतरी जुनं, दुसऱ्या ठिकाणचं किंवा सरळ बनावट होतं. अशा वेळी रेडिओवर लोक अजूनही भरवसा ठेवतात, आणि इंटरनेट बंद केलेल्या भागात तर तोच एक आवाज उरतो.

मी पाळत आलो ते असं : प्रार्थनास्थळाचं नुकसान, पुतळ्याची विटंबना, मृत्यू यांपैकी काहीही अधिकृत दुजोऱ्याशिवाय नाही. समाजाचं नाव घेतल्याशिवाय घटना कळणारच नसेल, जसं दलित वस्तीवरचा हल्ला, तर नाव घ्यावं. तिथे 'दोन गटांत हाणामारी' म्हणणं म्हणजे मार खाणाऱ्याला मारणाऱ्याच्या रांगेत बसवणं. पण दुचाकींच्या धक्क्यावरून झालेल्या भांडणात जात-धर्म सांगायची गरज नसते. अफवेचं खंडन करताना अफवा पुन्हा सांगू नका. 'अमुक घडल्याची अफवा खोटी आहे' ऐवजी 'धरणातलं पाणी पिण्यास सुरक्षित आहे, असं जिल्हाधिकाऱ्यांनी सांगितलं' असं सरळ खरं सांगा. आणि लोकांच्या उपयोगाचं आधी : कोणते रस्ते सुरू, संचारबंदी किती ते किती, दूध आणि औषधं कुठे, परीक्षा होणार का. दोन्ही समाजांच्या लोकांनी एकत्र येऊन काही केलं असेल तर तीही बातमी आहे, पण ते खरोखर घडलेलं असलं पाहिजे. शांतता समितीच्या बैठकीचा फोटो म्हणजे शांतता नव्हे.

नियमांची चौकट

आकाशवाणीच्या संहितेनुसार धर्म किंवा समाजावर हल्ला, हिंसेला चिथावणी, न्यायालयाचा अवमान, राजकीय पक्षावर नाव घेऊन टीकेची झोड यांना प्रसारणात जागा नाही. हे नियम पाठ असावेतच. पण सरकारी माध्यम आहे म्हणून संपाची बातमी दाबूनच द्यायची असते, असा समज नव्या मुलांत दिसतो, आणि तो चुकीचा आहे. १९९० च्या प्रसार भारती कायद्याच्या कलम १२ मध्ये सार्वजनिक हिताच्या सगळ्या बाबींची खरी आणि निष्पक्ष माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्क जपणं, परस्परविरोधी मतं मांडणं, इतकंच नव्हे तर श्रमिक वर्गाच्या हक्कांचं रक्षण, ही उद्दिष्टं लिहिलेली आहेत. संपकऱ्यांचं म्हणणं संक्षेपात आणि अचूक देणं हे त्या कलमाचंच पालन आहे. बातमी कापली गेली तर वृत्तसंपादकाशी याच भाषेत, आदरानं बोलावं.

बारामतीच्या वसुंधरा वाहिनीसारख्या किंवा म्हसवडच्या माणदेशी तरंगसारख्या सामुदायिक रेडिओ केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या मूळ रूपात किंवा स्थानिक बोलीत अनुवाद करून देता येतात. खासगी एफएमवरही स्वतंत्र बातमीपत्र नाही. तरी हात अगदीच बांधलेले नाहीत. वाहतूक, पाणी, वीज, आरोग्य, परीक्षा यांविषयीची स्थानिक माहिती देता येते. संपाच्या दिवशी 'तालुक्यातून जिल्हा रुग्णालयाकडे आज अमुक वाजता गाडी आहे' एवढं सांगितलं तरी डायलिसिसला जाणाऱ्या माणसाचं काम होतं.

संप मिटल्यावर

बातमीपत्र दुसऱ्या विषयाकडे वळतं तेव्हा वहीतलं ते पान बंद करू नका. करारातल्या किंवा लेखी आश्वासनातल्या तारखा लिहून ठेवा आणि त्या त्या तारखेला फोन करा. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप १४ तारखेला सुरू झाला आणि २० तारखेला मागे घेतला गेला. या मागणीसाठी नेमलेली समिती, तिचा अहवाल, मग निर्णय, हे सगळं नंतरच्या महिन्यांत झालं आणि शिक्षकापासून शिपायापर्यंत प्रत्येक घराला त्यात रस होता.

तीन गोष्टींचा पाठपुरावा मी हमखास करतो : निलंबित आणि बडतर्फ झालेले सगळे परत घेतले गेले का, संपाच्या काळातला पगार कापला की ती रजा धरली, आणि आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेतले गेले का. तिसरी गोष्ट सगळ्यात रेंगाळते. नेते पुढे जातात, आणि तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात तारखेला आलेले चार वाहक रोज बुडवून बसलेले असतात. कधीतरी त्या व्हरांड्यात जा, तारीख कितवी ते विचारा, आणि साठ शब्दांची बातमी पाठवा.